पहिल्या तासाची हाक

३ नोव्हेंबर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून रागावू नकोस. फोनवर तू एका कानाने माझं ऐकतेस आणि दुसऱ्या हाताने कचेरीचे कागद उलटतेस, ते मला इथवर कळतं. पत्र वाचताना तरी तुला खाली बसावं लागतं. शिवाय गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला फोनपर्यंत उठण्यापेक्षा पेन उचलणं सोपं जातं.

बातमी चांगली नाही. चिंगी सुट्टीला म्हणून आली ती परत जायचं नाव काढत नाही. पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. आता उठते, भांडी घासते, न सांगता केर काढते, आणि यानेच मला जास्त भीती वाटते, कारण आपल्या चिंगीने सांगूनसुद्धा कधी केर काढला नाही. विचारलं तर म्हणते, मी कॉलेज सोडलं. का सोडलं तर म्हणते, सोडलं. तुझे भावोजी आधी ओरडले, मग समजावून बघितलं, मग गप्प बसले.

तुझ्यामुळे तिला तुमच्या विद्यापीठात जागा मिळाली, वसतिगृह मिळालं, हे मी विसरलेली नाही. तुला तिथे तोंड दाखवायला अवघड होईल हेही कळतं. ज्या बाईचं कामच मुलांची गळती थांबवणं, तिचीच भाची गळाली. पण पोरगी आतून मिटल्यासारखी झाली आहे. तू तिचं नाव काढून टाक. पुढचं पुढे बघू.

भावोजी विचारतात की तुझ्या त्या विद्यार्थी टिकाव कक्षात नेमणुकीबरोबर फावडंही मिळतं का. त्यांचा हा विनोद आता वर्षाचा झाला, तरी तू हसलीस असं मी त्यांना सांगेन.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो माझ्या गुडघ्यासारखा कुरकुरू देऊ नकोस.

तुझी,
ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

भावोजींना सांग, फावडं मिळालं, आता खड्डा कोणासाठी खणायचा तेवढं त्यांनी कळवावं.

ताई, नाव काढायचं मनातसुद्धा आणू नकोस. पहिल्या वर्षाला घरी पळून येणारी चिंगी काही एकटी नाही. आमच्याकडे आलेल्या मुलांपैकी कितीतरी जण दुसरं वर्ष बघतच नाहीत. कोणी गणिताला घाबरून जातं, कोणी घरच्या आठवणीने, कोणी नुसतंच. पूर्वी आठवडाभर पोरगं दिसलं नाही की मास्तर त्याचं नाव गाळून पुढचं पुकारायचे, दुसरं कोणीतरी त्याच्या बाकावर बसायचं, आणि पोरगं संपलं. मी ते बंद पाडलं. माझ्या योजनेला सगळे आता हाक योजना म्हणतात. गेलेल्याचं नाव गाळायचं नाही. पहिल्या तासाला ते तीनदा पुकारायचं, थांबायचं, आणि साऱ्या वर्गाने त्या जागेकडे बघायचं. त्या जागी कोणी बसायचं नाही, पिशवीसुद्धा ठेवायची नाही. वसतिगृहातली त्याची खाट रोज झाडायची. त्याच्याबद्दल बोलताना शिक्षकांनी होता म्हणायचं नाही, आहे म्हणायचं.

आणि मुलं येतात, ताई. सुरुवातीला आम्ही घरी फोन करायचो, पालकांच्या विनवण्या करायचो. आता तेही लागत नाही. जागा राखली की मुलं आपसूक येऊन बसतात. कुलगुरूंना हे इतकं पटलं आहे की दुसऱ्या विद्यापीठांतली माणसं बघायला येणार आहेत.

तेव्हा चिंगीचं नाव मी कालपासून योजनेत घातलं. खिडकीजवळचा तिसरा बाक तिचा. तिच्या वर्गशिक्षकांना मी स्वतः जाऊन सांगितलं की ही माझी भाची, जरा जोरात पुकारा. तू फक्त तिला रागावू नकोस. मी तिला लहानपणापासून ओळखते, हट्ट उतरला की येईल.

गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस. तुझी माया आहे तोवर मला कसली चिंता.

तुझी,
छोटी

२० नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू काय जादू केलीस? काल पहिल्या तासाला मी सहज त्या बाजूने गेले, तर खिडकीजवळच्या बाकावर आपली बाईसाहेब बसलेली. तोच निळा स्वेटर, तीच मान वाकडी करून लिहायची सवय. नाव पुकारल्यावर तिने हजर म्हटलं आणि मला दारातच रडू आलं. शिपाई बघत होता म्हणून डोळ्यांत कचरा गेल्याचं नाटक करावं लागलं.

तिला पाठवताना एक ओळ लिहायची होतीस, मी स्टेशनवर गेले असते. ती माझ्या घरीही आली नाही, सरळ वसतिगृहात गेलेली दिसते. असू दे, अजून रुसलेली असेल. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या की कधी आली ते त्यांनाही कळलं नाही, सकाळी खाटेवर होती. बाई फार खूश आहेत. चादरीला सुरकुती नाही, दिव्यासाठी भांडण नाही, नळाखाली केसांचा पुंजका नाही. हीच का ती चिंगी, असं मीच त्यांना हसून विचारलं.

भावोजींना माझा नमस्कार. हा विजय तुम्हा दोघांचा आहे, माझ्या योजनेने फक्त दार उघडं ठेवलं. अशीच ममता ठेव.

तुझी,
छोटी

२५ नोव्हेंबर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग भावोजींना वाचायला दिलं, मग पुन्हा वाचलं. तू कोणाला बघितलंस गं? चिंगी इथे आहे. मी हे लिहिते आहे आणि ती माझ्यासमोर मटार सोलते आहे. घरातून बाहेर पडलेली नाही, स्टेशन तर सोडच. निळा स्वेटर तिच्या अंगात आहे, कोपराला मी परवाच रफू केला.

थट्टा करत असशील तर आता पुरे. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर तो तपासून घे. एखाद्या दुसऱ्याच मुलीला तू चिंगी चिंगी म्हणून मिठ्या मारत असशील तर ती बिचारी काय म्हणत असेल.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. रोज सकाळी, तुमचा पहिला तास सुरू होत असेल त्या सुमाराला, चिंगी हातातलं काम थांबवते. नळ चालू असला तर चालूच राहतो. मग ती हळूच काहीतरी पुटपुटते. मला वाटायचं, गाणं म्हणत असेल. तुझं पत्र आल्यावर मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले. ती हजर म्हणते.

कोणाला म्हणतेस असं विचारलं तर तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली की मी कुठे काय बोलले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे विहिरीतून पाणी ओढणं. कॉलेज सुटायच्या वेळेला जरा माणसांत येते. जेवण तर चिमणीएवढं.

तू नाव काढलं नसशील तर काढ. मला हे बरं वाटत नाही. काळजीने लिहिलं आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
ताई

२ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चष्मा तपासला. नंबर तोच आहे.

ताई, आता मला भीती वाटू लागली आहे, आणि दिवसाढवळ्या, कचेरीत, पंखा फिरत असताना वाटते आहे. तुझं पत्र आल्यावर मी तिला माझ्या खोलीत बोलावून घेतलं. ती आली, समोर बसली. मी चहा मागवला. तिने कप दोन्ही हातांत धरला, थंड होईपर्यंत धरला आणि भरलेलाच खाली ठेवला. सगळं छान चाललंय मावशी, एवढंच म्हणाली. घरचं विचारलं तर म्हणाली, आईचा गुडघा कुरकुरतो, बाबांचे विनोद तेच आहेत. म्हणजे तू मला महिनाभर जे लिहीत होतीस तेच.

ती हुबेहूब आहे. डाव्या भुवईत केस नसलेली जागासुद्धा आहे. तिच्याशेजारी बसणाऱ्या मुलीला विचारलं, तर म्हणाली की फार चांगली आहे, कधी त्रास देत नाही. मग म्हणाली की बाक मात्र तिच्या बाजूने गार लागतो.

मी तुमच्याकडे फोन केला होता, भावोजींनी उचलला. चिंगीला द्या म्हटलं तर हसून म्हणाले की ती तुझ्याकडे आणि फोन माझ्याकडे, कशी देऊ. मला वाटलं, टिंगल करतात. त्यांना नीट विचार.

तू मला असं काहीतरी पाठव जे फक्त तुला आणि चिंगीला ठाऊक आहे. प्रश्न वरच्या कागदावर लिही. उत्तर वेगळ्या कागदावर लिहून घडी चिकटवून टाक. ती बोलल्यावरच मी ते उघडीन. मग तुझा संशय किंवा माझा, एक काहीतरी मिटेल.

तुझ्या आधाराची आज फार गरज आहे.

तुझी,
छोटी

८ डिसेंबर

चि. छोटीस आशीर्वाद, वि. वि.

प्रश्न हा. शाळेत असताना चिंगीची लांब वेणी कोणी कापली आणि का? उत्तर चिकटवलेल्या कागदात आहे. आधी उघडशील तर तुला माझी शपथ.

भावोजींना विचारलं. ते टिंगल करत नव्हते. चिंगी शेजारच्या खुर्चीवर बसलेली, आणि ते मला म्हणाले की पोरगी सुट्टीला आली की तिला नवीन चप्पल घेऊ. मी हात धरून त्यांना खुर्चीकडे वळवलं. त्यांनी डोळे चोळले, मग एकदम ओशाळून म्हणाले, अरे, ही कधी आली. चिंगी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

शेजारीणही काल येऊन गेली. चहा घेतला, चिंगीची चौकशी केली, अभ्यास कसा चाललाय विचारलं, वसतिगृहात जेवण बरं मिळतं का विचारलं. चहा आणून देणारी चिंगीच होती, छोटी. शेजारणीने ट्रेमधून कप उचलला आणि ट्रे धरणारीकडे बघितलं नाही.

रडू येतं पण मी पोरीसमोर रडत नाही. ती खात नाही आणि मी रडत नाही, असं आमचं चाललं आहे. लवकर लिही.

तुझी,
ताई

१५ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी शपथ पाळली. आधी प्रश्न विचारला. ती लगेच म्हणाली की केसांत च्युइंगम अडकला होता, म्हणून आईने कापली. मला जरा बरं वाटलं, कारण मलाही हेच माहीत होतं. मग तुझी घडी उघडली. चिंगीने ती स्वतःच तुझ्या शिवणाच्या कात्रीने कापली होती, वर्गातल्या कोणीतरी वेणीवरून चिडवलं म्हणून, आणि वडील रागावू नयेत म्हणून तू च्युइंगमची थाप मारलीस. घरात सगळ्यांना, मलासुद्धा.

पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा तेच विचारलं. या वेळी तिने खरं उत्तर दिलं, ताई. शिवणाची कात्री, चिडवणं, थाप, सगळं, तू कागदावर लिहिलंस त्याच शब्दांत. आदल्या रात्री ते मी वाचलं होतं, एवढाच काय तो फरक.

तिला तेच ठाऊक आहे जे आम्हाला तिच्याबद्दल ठाऊक आहे. आम्ही रोज पुकारतो, आहे आहे म्हणतो, जागा झाडतो, आणि त्या जागेवर आमच्या माहितीएवढी चिंगी येऊन बसते. पण हजर म्हणायला आवाज लागतो, तो तुझ्या घरून येतो. आणि मला वाटतं, आता नुसता आवाज येत नाही.

मी योजनेतल्या बाकीच्या मुलांकडेही नीट बघितलं. सगळी वेळेवर येतात. कोणी खोकत नाही, कोणी डबा उघडत नाही, कोणाला कंटाळा येत नाही. परत आल्यापासून एकानेही सुट्टीचा अर्ज दिलेला नाही. इतके दिवस याचा मला अभिमान होता.

नाव आजच काढते म्हणशील. हात उचलला होता. पण काढल्यावर दोघींतली कोण जाईल, हे मला कोण सांगणार? इथली रोज ठळक होते आहे, चाचणीत पहिली आली. तिथली पुसट होते आहे. चुकीची गेली तर मी तुला काय तोंड दाखवू? सोळा जानेवारीला दुसऱ्या सत्राच्या याद्या पक्क्या होतात, त्यानंतर वर्षअखेरपर्यंत नाव कोणालाच काढता येत नाही. तोवर मला तुझा निर्णय हवा. चिंगीची आई तू आहेस. तिला रोज हाक मार, जवळ झोपव, भरव.

तुझ्या पायाशी बसून रडावंसं वाटतं.

तुझी,
छोटी

४ जानेवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं मागचं पत्र कुठेतरी ठेवलं गेलं, सापडत नाही. काहीतरी निर्णयाबद्दल होतं ना? कसला ते आता आठवेना. गुडघ्याच्या गोळ्यांनी डोकं जड राहतं.

चिंगीचा निकाल आला. भावोजींनी तो आल्यागेल्याला वाचून दाखवला. तू तिला सांभाळलंस म्हणून हे झालं, तुझे उपकार मी विसरणार नाही. इथे आम्ही दोघंच, घर शांत आहे. तिची खोली रिकामीच असते, तेव्हा तिथे शिवणाचं यंत्र हलवावं म्हणते. उजेड चांगला येतो.

अलीकडे एक विचित्र होतं. मी जेवणाला तीन ताटं मांडते आणि मग एक उचलून ठेवते. म्हातारपण, दुसरं काय.

चिंगीला सुट्टीत पाठव. लोभ ठेव, आणि तिच्या अंगावर ओरडू नकोस, शहाणी झाली आहे आता.

तुझी,
ताई

५ जानेवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

हे पत्र तुला मिळेल की नाही माहीत नाही. पोस्टात तिकीट मागितलं तर कारकून माझ्यातून पलीकडच्या माणसाशी बोलला. मग आईच्या डब्यातलं जुनं तिकीट लावलं. पेटी काही विचारत नाही.

तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत. आई विसरली ते पत्रही माझ्याकडे आहे. इथे कोणी माझ्यावर रागावलेलं नाही, हे आधी सांगते. रागावले असते तर बरं झालं असतं. आई भाजी चिरते आणि मला ओलांडून मीठ घेते. काल बाबांनी माझ्या मांडीवर कोट ठेवला. शिवणाचं यंत्र माझ्या खोलीत आलं. मी सरकून जागा दिली.

सकाळी नाव येतं. मी रोज ठरवते की आज बोलायचं नाही. तोंडात ओढणी कोंबून बसले तरी शब्द निघतो. तुम्ही सगळे इतकं मनापासून बघत असता की नाही म्हणता येत नाही. मग दिवसभर मला खडूचा वास येतो आणि इथल्या वस्तू हाताला हलक्या लागतात. आता दुपारनंतरही मी पुरती परत येत नाही.

का सोडलं ते तुम्ही सगळ्यांनी विचारलंत, पण विचारताना उत्तर हातात तयार होतं. अभ्यास जड जातो का, करमत नाही का, कोणी त्रास देतं का. मला वर्गात काही कळत नव्हतं, आणि मदत करणारे इतके गोड बोलायचे की कळलं असं म्हणावं लागायचं. जे मी शिकत होते ते मला नको होतं. काय हवं आहे तेही अजून माहीत नाही. माहीत नसलेली मी घरी थोडे दिवस राहू शकते का, एवढंच मला विचारायचं होतं. तिथे बसलेल्या चिंगीला सगळं माहीत असतं. ती तुम्हाला जास्त आवडत असेल तर मी समजू शकते. ती आईलाही आवडेल.

पण मावशी, मला भूक लागते. खरंच लागते, फक्त ताट येत नाही.

लहान तोंडी जास्त लिहिलं असेल तर पोटात घाल.

तुझी,
चिंगी

९ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हे पत्र भावोजींसमोर, मोठ्याने वाच. तू म्हणशील धाकटीला वेड लागलं. लागू दे. आजवर मी तुझी प्रत्येक गोष्ट ऐकली, वेणीची थापसुद्धा खरी मानली, तर आता माझी एक गोष्ट ऐक.

चिंगी तुमच्या घरात आहे. तुला ती दिसत नाही, कारण आम्ही तिला इथे बसवून ठेवलं आहे. तिसरं ताट तू चुकून मांडत नाहीस. ते उचलू नकोस.

सोळा तारखेला, याद्या पक्क्या व्हायच्या आधी, मी तिचं नाव खोडणार आणि पहिल्या तासाला स्वतः वर्गात उभी राहणार. त्याच वेळी तू स्वयंपाकघरात ताट वाढून तिला हाक मार. निकालाची कौतुकं करून नको, अभ्यासाचं नाव काढून नको. जी पळून आली, जिला काही कळत नव्हतं, जिला काय हवं ते माहीत नाही, तिला बोलाव. तुला ती तशीच हवी असेल तरच. मनातून तुला इथली, पहिली आलेली हवी असेल, तर ताई, आत्ताच सांग, कारण मग बोलावून उपयोग होणार नाही. मी खूप विचार केला. मला तिथली हवी आहे.

तुझी,
छोटी

१६ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही, तरी मी नाव खोडलं. कुलगुरू सकाळीच म्हणाले होते की एका नावाने काय होतं, पण योजनेला गालबोट नको. मी म्हटलं, एकाच नावाने होतं.

वर्गशिक्षकांनी पुकारायला सुरुवात केली. तिच्या आधीचं नाव झालं आणि सवयीने अख्ख्या वर्गाने खिडकीकडे बघितलं. तिने तोंड उघडून ठेवलं होतं. शिक्षक पुढचं नाव बोलले. ती तशीच थांबली, आपली बस न थांबता गेल्यावर माणूस क्षणभर उभा राहतो तशी. मग तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. माझं काय चुकलं, असं विचारत होती. आणि खरंच, तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा बाकावर ऊन होतं.

फोन करायला धीर होत नाही. भावोजी काय म्हणतील या विचाराने उचललेला फोन पुन्हा ठेवला. तूच लिही. जे असेल ते लिही.

तुझी,
छोटी

१७ जानेवारी

चि. छोटीस अनेक अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मला ते पटलं नव्हतं आणि तुला दुखवायचं नव्हतं. भावोजी म्हणाले, मारून बघ एक हाक, हाकेला काय पैसे पडतात.

ताट वाढलं. रिकाम्या खोलीकडे तोंड करून हाक मारताना इतकी लाज वाटली की पहिल्यांदा आवाजच निघेना. दुसऱ्यांदा निघाला. काही झालं नाही. यंत्र, खिडकी, भिंत. मग मला वाटलं, मी नक्की कोणाला बोलावते आहे? निकाल कपाटावर होता. खरं सांगते, मला तो निकाल आवडला होता. तो असणारी मुलगी मला चारचौघांत बरी वाटत होती. हे मनात आलं तशी मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने म्हणाले, कॉलेज गेलं खड्ड्यात, नापास हो, घरात लोळ, काही करू नकोस, पण जेवायला ये गं, माझं तुझ्याविना चालत नाही.

कोणीतरी खेकसलं की ओरडतेस कशाला, इथेच तर बसले आहे.

ती यंत्रामागे, भिंतीला टेकून बसली होती. सांगाडा झाला आहे नुसता. माझी पोर माझ्याच घरात कोपऱ्यात सरकून बसली होती आणि मी तिच्या खोलीत यंत्र ढकललं होतं. तिने तीनदा वाढून घेतलं, मग मिठावरून मला टोकलं, मग हात न धुता झोपून गेली. भावोजी तिच्या उशाशी बसून आहेत, उठायला तयार नाहीत. आम्ही आळीपाळीने बघतो.

तुला नोकरीत काय सोसावं लागेल ते कळतं. इकडे ये. घर तुझंही आहे.

तुझी,
ताई

२० जानेवारी

स. न. वि. वि.

आपला परिचय नाही. आपला मुलगा ज्या विद्यापीठात आहे तिथल्या विद्यार्थी टिकाव कक्षाची मी प्रमुख. तो दाराजवळच्या पहिल्या बाकावर बसतो. त्याची हजेरी पूर्ण आहे, वागणूक उत्तम आहे, गुण चांगले आहेत, आणि त्याबद्दल आम्ही आपलं अभिनंदन करणारं पत्र मागेच पाठवलं होतं. ते कृपया बाजूला ठेवावं. याद्या पक्क्या झाल्याने त्याचं नाव खोडण्याचा अधिकार आता मला नाही, म्हणून हे खाजगी कागदावर, माझ्या जबाबदारीवर लिहीत आहे. योजनेतल्या प्रत्येक मुलाच्या घरी लिहिणार आहे.

एक विनंती आहे. तो घरी नाही असं आपल्याला वाटत असेल. तरी हे वाचून झाल्यावर त्याच्या खोलीत जावं, दिवा लावावा, आणि तो कसाही असला तरी चालेल असं मनातून वाटत असेल तर त्याला जेवायला हाक मारावी. उत्तर आलं नाही तर उद्या पुन्हा मारावी. आम्ही इथे रोज मारतो आहोत.

आपली,
एका मुलीची मावशी